प्राचार्य रँग्लर परांजपे : दुसऱ्या पिढीचा कारभारी

शिक्षणसंस्था स्थापन करणाऱ्यांची नावे शिलेवर कोरली जातात. ती चालविणाऱ्यांची नावे बहुधा दप्तरातच राहतात. वास्तविक संस्थेचे आयुष्य ठरते ते दुसऱ्या पिढीच्या हाती. या दृष्टीने पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य कै. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे चरित्र आपल्या ज्ञातिबांधवांपुढे, विशेषतः शाळा व वसतिगृहे चालविणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी दापोली तालुक्यातील मुर्डी या खेड्यात झाला. या कुशाग्र मुलाची बुद्धी त्यांचे आप्त धोंडो केशव कर्वे यांनी ओळखली व त्याच्या शिक्षणाचा भार वाहिला. पुढे फर्ग्युसनमध्येच शिकून परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले. १८९९ साली तेथील गणिताच्या परीक्षेत दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर विभागून त्यांनी सीनियर रँग्लरचा मान मिळविला. हा मान मिळविणारे ते पहिलेच हिंदी विद्यार्थी होत. सर्व देशात त्यांचा जयजयकार झाला.

परंतु खरी परीक्षा पुढेच होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली निघाली व २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. थोड्या वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा घेणारे आजीव सभासद, हाच त्या संस्थेचा पाया होता. मात्र १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे १८९२ साली व आगरकर १८९५ साली, दोघेही ऐन उमेदीत निवर्तले. १९०२ साली गोखलेही सेवानिवृत्त झाले. संस्थापकांची फळी अशी ओसरत असता संस्था उभी राहणार की पडणार, हा प्रश्न होता.

अशा वेळी परांजपे परतले. त्यांच्या कीर्तीच्या माणसास सरकारी खात्यात मोठ्या पगाराची जागा सहज मिळाली असती. त्यांनी मासिक सुमारे ७५ रुपयांवर आजीव सभासदत्व पत्करले आणि १९०२ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, प्रा. महादेव शिवराम गोळे यांच्यानंतर प्राचार्यपदाची सूत्रे हाती घेतली. ज्यांनी त्यांना शिकविले ते कर्वेही तेथे गणिताचे प्राध्यापक होतेच. गुरुजनांच्या मंडळीत तरुणाने प्रमुख व्हावयाचे आणि कोणाचाही मान न दुखविता काम चालवावयाचे, हे पद केवळ विद्वत्तेने निभत नाही.

त्यातच १९०४ साली लॉर्ड कर्झन यांच्या काळात विद्यापीठांचा नवा कायदा आला. महाविद्यालयाची संलग्नता टिकवावयाची तर पुरेसे व पात्र अध्यापक, योग्य इमारती, ग्रंथालय, विज्ञानासाठी प्रयोगशाळा, विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय व भक्कम आर्थिक आधार दाखविणे आवश्यक झाले. तपासणीही कडक झाली. लोकांच्या वर्गणीवर उभ्या असलेल्या संस्थेस हे ओझे हलके नव्हते. आज किती विद्यार्थी आहेत एवढेच पाहून भागेना; पुढील काही वर्षांत किती येतील, त्यांना शिकविण्यास कोण असेल व पैसा कोठून येईल, याचा हिशेब आधी मांडावा लागे. गणिताच्या या पंडिताने वर्गात शिकवीत असतानाच हा हिशेबही सांभाळला. सोसायटीचा विस्तार होऊन १९१९ साली सांगलीस विलिंग्डन कॉलेज निघाले, तेही याच काळात.

या कारकिर्दीतील एका प्रसंगाविषयी मतभेद कायम राहिला आहे. १९०५ साली पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. तीत पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर फर्ग्युसनचे विद्यार्थी होते. प्राचार्यांनी त्यांस दहा रुपये दंड केला व वसतिगृहातून काढले. टिळकांनी यावर कठोर टीका केली आणि लोकमत प्राचार्यांच्या विरुद्ध गेले. सरकारी अनुदान व संलग्नता यांवर शेकडो मुलांचे शिक्षण अवलंबून होते, हे खरे. तरुणांचा देशाभिमान दंडास पात्र ठरावा हे बोचणारे, हेही खरे. आमच्या मते हा निर्णय कोणास पटो वा न पटो, संस्थाचालकाच्या आसनावर बसणाऱ्यास असा कडू घोट केव्हा ना केव्हा घ्यावाच लागतो आणि त्याचा दोषही स्वतःच्याच माथी घ्यावा लागतो. परांजपे यांनी तो दुसऱ्यावर ढकलला नाही.

सुमारे दोन दशके प्राचार्यपद सांभाळीत असतानाच, १९१६ साली कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरुपद त्यांनी स्वीकारले. लहानपणीचे ऋण असे फिटले, म्हणावयाचे! पुढे १९२१ ते १९२३ या काळात ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते; सक्तीच्या प्राथमिक शिक्षणास वाट करून देणारा १९२३ चा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. १९३२ ते १९३८ पर्यंत ते लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते व १९४४ ते १९४७ पर्यंत ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हायकमिशनर. ६ मे १९६६ रोजी, नव्वदी गाठून, त्यांनी देह ठेवला.

आपल्यातही देणगीदार आहेत, इमारतींच्या कोनशिला बसतात, समारंभ होतात. परंतु कोनशिला बसल्यावर पंधरा-वीस वर्षे रोज सकाळी दप्तर उघडणारा, हजेरी व हिशेब पाहणारा, अप्रिय निर्णय घेऊन शांत राहणारा माणूस आपणांस मिळतो काय? तो मिळाला तर त्यास आपण टिकवितो काय? ज्ञातीच्या तरुण पदवीधरांपैकी एकाने जरी या चरित्रावरून असा संकल्प केला, तरी या चार पानांचे सार्थक झाले असे आम्ही समजू.