जी. ए. कुलकर्णी आणि बेळगाव : एका दुराव्याचे चरित्र

जी. ए. कुलकर्णी यांचा जन्म १० जुलै १९२३ रोजी बेळगाव जिल्ह्यातील एकसंबा या गावी झाला. शालेय शिक्षण बेळगावात झाले. किल्ला आणि लष्करी छावणीचे, तांबड्या मातीचे, मराठी व कन्नड एकाच गल्लीत नांदणारे हे शहर त्यांच्या संवेदनशीलतेची पहिली भूमी ठरले. पुढे धारवाडच्या जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन पतकरून ते तेथे स्थिरावले आणि सुमारे तीन दशके तेथेच राहिले. बेळगाव मात्र त्यांच्या मनातून कधीच सुटले नाही. त्यांच्या पत्रांतून ही ओढ वारंवार व्यक्त होते.

वस्तुतः बेळगाव आणि धारवाड यांतील अंतर शंभर किलोमीटरांहूनही कमी आहे. सकाळी निघून संध्याकाळी परतता यावे इतक्या जवळच्या शहरासाठी एखाद्याने आयुष्यभर झुरावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी अनाकलनीय वाटते. तिचा उलगडा सीमाप्रश्नाच्या आधारे करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे; परंतु तो तपशिलाशी जुळत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी ही दोन्ही शहरे मुंबई राज्यात होती आणि त्या दिवशी दोन्हीही म्हैसूर राज्यात गेली. राज्यपुनर्रचनेने जी. ए. आणि बेळगाव यांच्यामध्ये कोणतीही सीमारेषा आखली नाही. ती आखली गेली लेखक आणि त्याचा बहुसंख्य वाचक यांच्यामध्ये. त्यांच्या कथा ‘सत्यकथे’त येत होत्या, संग्रह मुंबईत निघत होते आणि लेखक मात्र कन्नड साहित्याचे केंद्र असलेल्या नगरात, प्रसिद्धीपासून कटाक्षाने दूर राहून लिहीत होता. हे एकटेपण खरे असले, तरी बेळगावच्या ओढीचे मूळ त्यात नाही.

ते मूळ त्यांच्या कौटुंबिक जीवनात शोधावे लागते. तरुण वयातच आईवडील व निकटची माणसे एकामागून एक मृत्यूने हिरावून नेली. जी. ए. अविवाहित राहिले, धारवाडच्या घरी मावसबहिणींची जबाबदारी त्यांनी वडीलकीच्या नात्याने वाहिली. अशा माणसाच्या दृष्टीने बेळगाव म्हणजे रस्ते, घरे आणि झाडे एवढेच नव्हते. आपली माणसे जेथे हयात होती ते ते स्थळ होते. रेल्वेने गाठता येणारे शहर आणि मनातील शहर यांत काळाचे अंतर पडले होते. म्हणूनच जवळ असूनही परतीची वाट उरली नव्हती. मृत्यूनंतर १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’ या आठवणीपर पुस्तकाच्या शीर्षकातच शहराऐवजी माणसे यावीत, हे या संदर्भात अर्थपूर्ण आहे.

या दुराव्याचे पडसाद त्यांच्या कथांतही जाणवतात. ‘पिंगळावेळ’ (१९७७) मधील ‘कैरी’ या कथेत पोरक्या मुलाचे मावशीच्या आश्रयाने उभे राहिलेले तात्पुरते जग आहे. ‘रमलखुणा’ (१९७५) मधील ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांतील माणसे सतत वाटेवर आहेत. या प्रवासांचा अर्थ अर्थातच नियती व ज्ञान यांच्याशी निगडित आहे. त्यांना केवळ चरित्राचे रूपक मानणे अन्यायाचे होईल. तथापि परतण्यासाठी घर नसण्याची जाणीव या कथांच्या तळाशी आहे, हे नाकारता येत नाही. कॉनरॅड रिक्टर यांच्या कादंबऱ्यांची त्यांनी केलेली भाषांतरेही येथे लक्षात घ्यावयास हवीत. ‘रानातील प्रकाश’मधील मुलगा रेड इंडियनांत वाढतो, सक्तीने जन्मदात्या गोऱ्या कुटुंबात परत आणला जातो आणि अखेरीस दोन्हीकडे परका ठरतो. ही कथावस्तू जी. एं.ची नव्हे, परंतु तिला मराठी रूप देणाऱ्याला ती अनोळखी नव्हती.

आयुष्याच्या अखेरच्या काळात प्रकृतीच्या कारणाने त्यांना धारवाडही सोडावे लागले. ज्या गावी ते उपरेपणाने आले होते, त्याच्याशीही तोवर त्यांचे मैत्र जडले होते. मराठीचे सांस्कृतिक केंद्र मानल्या गेलेल्या पुण्यात ते अखेर आले, ते दुसऱ्यांदा स्थानभ्रष्ट होऊनच. तेथेच ११ डिसेंबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले.

जी. एं.च्या कथेतील प्रदेश अनेकदा निनावी, कालातीत असतो. समीक्षेने त्याचे श्रेय प्रामुख्याने मिथकाकडे व रूपककथेकडे दिले आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच लेखकाच्या पत्रांत एक शहर नावानिशी, हळवेपणाने पुन्हा पुन्हा येते. कथा आणि पत्रे शेजारी ठेवून वाचली, तर त्या निनावी प्रदेशाच्या पाठीमागे बेळगावची तांबडी माती असल्याचे ध्यानात येते. अलिप्त, गूढ आणि निर्मम ही विशेषणे या लेखकाला लावताना अभ्यासकाने तिचे विस्मरण होऊ देऊ नये.