अपुऱ्या नकाशाचा धनी

कलावंत गेला की मागे त्याची कृती उरते. चित्र रंगवून झालेले असते, ग्रंथ छापून झालेला असतो. त्यात आता भर पडायची नाही, हे रसिकाने मनोमन स्वीकारलेले असते. वॉल्ट डिस्नेची गोष्ट मात्र निराळी आहे. हा माणूस १९६६ साली गेला; पण त्याच्या उद्यानांत पुढे काय उभे राहणार, याचे आडाखे बांधण्यात देशोदेशीचे असंख्य चाहते आजही दंग आहेत. मी त्याचे चरित्र वाचायला घेतले ते मिकी माऊसच्या ओढीने. पण मन अडकले ते त्याने न बांधलेल्या एका नगरात. त्या नगराची आणि त्याच्या धन्याची ही हकीकत आहे.

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागो शहरात झाला. वडील एलियास कष्टाळू, पण करड्या स्वभावाचे आणि धंद्यात सदैव अपयशी. १९०६ साली हे कुटुंब मिसुरी राज्यातील मार्सेलीन या लहानशा गावी शेती करायला गेले. शेत, गुरे, गावातला एकुलता एक बाजाररस्ता आणि तेथून धडधडत जाणारी आगगाडी, एवढेच ते जग. पाचएक वर्षांतच शेत विकावे लागले आणि मंडळी कॅन्सस सिटीला आली. तेथे पहाटेच्या काळोखात, बर्फ तुडवीत, वॉल्ट आणि त्याचा थोरला भाऊ रॉय घरोघर वर्तमानपत्रे टाकीत. त्यांच्या घरापासून फार दूर नाही अशा ठिकाणी इलेक्ट्रिक पार्क नावाचे करमणुकीचे उद्यान होते. रात्री ते हजारो दिव्यांनी उजळून निघे. मार्सेलीनचा रस्ता आणि इलेक्ट्रिक पार्कचे दिवे, या दोन चित्रांची पुढे त्याच्या मनात सांगड बसली असावी, असे मला वाटते.

पुढचा भाग बहुतेकांना ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस वयाविषयी खोटे सांगून तो रेड क्रॉसमध्ये शिरला आणि फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवून आला. कॅन्सस सिटीत काढलेली चित्रपट कंपनी १९२३ साली दिवाळखोरीत निघाली. त्याच वर्षी हॉलिवूडला जाऊन त्याने रॉयच्या मदतीने नवा संसार थाटला. ऑस्वाल्ड नावाचा ससा लोकप्रिय केला, तर १९२८ साली तो ससा आणि बहुतेक चित्रकारही वितरकाने हिरावून नेले. आपण निर्मिलेली वस्तू कायद्याने आपली नाही, हा चटका त्याला जन्मभर पुरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मिकी माऊस बोलपटातून लोकांपुढे आला. १९३७ च्या डिसेंबरात हिमगौरी आणि सात बुटके यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट झळकला आणि त्याला वेड्यात काढणारे हॉलिवूड उठून उभे राहिले.

पण याच माणसाची दुसरी बाजूही चरित्रकाराने झाकू नये. १९४१ साली त्याच्या चित्रकारांनी संप केला. पगारातील तफावत, श्रेय न मिळणे ही त्यांची गाऱ्हाणी अगदीच निराधार नव्हती. वॉल्टला तो संप म्हणजे घरच्यांनी केलेला दगा वाटला. १९४७ साली अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे साक्ष देताना त्याने काही संपकऱ्यांवर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का मारला. माणसांवर आपले नियंत्रण राहत नाही याची खंत त्याने मनात धरली होती. ती लक्षात ठेवली, म्हणजे पुढचे पुष्कळसे उमगते.

त्यानंतर चित्रपटातले त्याचे मन उडत चालले. घरामागच्या अंगणात त्याने स्वतःची छोटी आगगाडी धावती केली. मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कातल्या फिरत्या घोड्यांवर बसवून आपण बाकावर ताटकळत बसायचे, याचाही त्याला कंटाळा आला होता. आईबापांनी मुलांबरोबर रमावे अशी जागा का असू नये? ३१ ऑगस्ट १९४८ रोजी त्याने एका टिपणात अशा बागेची रूपरेषा लिहून काढली : मधोमध हिरवळ, आगगाडीचे स्थानक, नगरभवन, दुकाने. मार्सेलीनच ते. जागा ठरली होती बरबँक येथील स्टुडिओशेजारची. पण तेथील नगरपालिकेला ही जत्रा नको होती. पालिकेने नकार दिला, हे बरेच झाले म्हणायचे. कारण मग अनाहाइम येथे संत्र्यांच्या बागांची १६० एकर जमीन सापडली.

पैसा कोण देणार? सावकार हसत होते. १९५३ च्या सप्टेंबरात वॉल्टने हर्ब रायमन या चित्रकाराला शनिवार-रविवार जवळ बसवून घेतले आणि आपण बोलत गेला, त्याच्याकडून भावी नगराचे चित्र काढवून घेतले. ते चित्र घेऊन रॉय न्यूयॉर्कला गेला. अखेर एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीशी करार झाला. त्यांनी भांडवल द्यायचे, वॉल्टने त्यांना दर आठवड्याला कार्यक्रम द्यायचा. ऑक्टोबर १९५४ मध्ये सुरू झालेल्या त्या कार्यक्रमाचे नावच डिस्नेलँड होते, आणि अजून न झालेल्या उद्यानाचे बांधकाम त्यातून घराघरांत दिसू लागले. माझ्या मते खरी मेख येथे आहे. नाटकाचा पडदा उघडण्यापूर्वीच प्रेक्षकाला रंगपटात नेऊन बसवणारा हा पहिलाच मालक. पुढे काय होणार याची उत्कंठा हाच अर्धा माल, हे त्याने ओळखले होते. आज अंदाज बांधीत बसणारा चाहता आपोआप निपजलेला नाही. त्याची पैदास वॉल्टनेच केली आहे.

१७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले, तेव्हा फजितीला पारावार नव्हता. बनावट तिकिटे घेऊन लोक घुसले, ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या. तरीही दोन-अडीच महिन्यांत दहा लाख माणसे येऊन गेली. भविष्यनगरीचा जो भाग होता, तेथे १९८६ सालचे जग दाखवण्याचा संकल्प होता. घाईघाईत तो बराचसा रिकामाच राहिला होता. पण वॉल्टने त्याला कधी उणेपणा मानले नाही. चित्रपट एकदा गेला की त्यात बदल करता येत नाही, बाग मात्र वाढवता येते, हेच त्याला त्यातले सुख होते. जे जमले नाही ते त्याने निर्दयपणे उपटून टाकले. हौसेने आणलेली सर्कस दोन महिन्यांत गाशा गुंडाळून गेली. १९५९ साली पाणबुड्या, मोनोरेल आणि मॅटरहॉर्न पर्वताची बर्फगाडी आली. एडिसन चौक आणि लिबर्टी स्ट्रीट असे दोन नवे भाग जाहीर झाले, नकाशावर छापलेही गेले; ते तेथे कधीच झाले नाहीत.

सर्वांत गंमत झाली ती भुताच्या वाड्याची. १९६३ साली वाड्याचा बाहेरचा भाग बांधून तयार झाला आणि तसाच बंद राहिला. बाहेर पाटी लावून भुतांना राहायला येण्याचे निमंत्रणही देण्यात आले. आत काय आहे? वाडा का उघडत नाहीत? आत शिरलेला कोणी दचकून मेला, अशीही वावडी उठली. खरे कारण साधे होते. सगळी कुशल माणसे १९६४-६५ च्या न्यूयॉर्क विश्वमेळ्याच्या कामात गुंतली होती, आणि आतली योजनाही नक्की ठरत नव्हती. वाडा उघडला ९ ऑगस्ट १९६९ रोजी, म्हणजे वॉल्ट गेल्यावर पावणेतीन वर्षांनी. बंद दारापुढे उभे राहून तर्क लढवण्याची चाहत्यांची परंपरा तेथे घट्ट झाली.

वॉल्टला स्वतःला मात्र दुसऱ्यांचे तर्क परवडणारे नव्हते. डिस्नेलँडभोवती इतरांनी हॉटेलांची गर्दी केली होती, आणि जमीन आपली नसल्याचे दुःख त्याला सलत होते. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी त्याने फ्लॉरिडातील ऑरलँडोवरून विमानातून दलदलीचा प्रदेश पाहिला. त्याच दिवशी केनेडींची हत्या झाली. मग नामधारी कंपन्यांच्या आडून जमीन घेणे सुरू झाले. सुमारे २७,००० एकर, सरासरी एकरी दोनशे डॉलरांच्या आत! गावात तर्कांना ऊत आला. कोणी म्हणे मोटारीचा कारखाना, कोणी म्हणे विमानाचा. ऑक्टोबर १९६५ मध्ये ऑरलँडो सेंटिनेलच्या एमिली बव्हार या वार्ताहर महिलेने वॉल्टला समोरासमोर विचारले. त्याने नाही म्हटले खरे, पण ऑरलँडोच्या पावसापाण्याची इतकी बारीक माहिती दिली की तिने काय ते ओळखले. तिचा अंदाज छापला गेला, आणि काही दिवसांतच गव्हर्नरांना तो मान्य करावा लागला. भावी उद्यानांविषयीच्या अंदाजांच्या इतिहासात इतका अचूक नेम क्वचितच कोणाचा लागला असेल.

त्या जमिनीवर वॉल्टला केवळ दुसरे डिस्नेलँड नको होते. त्याला हवे होते एप्कॉट : वीस हजार वस्तीचे, उद्याचे नमुनेदार शहर. मध्यभाग छताखाली, मोटारी जमिनीखाली, वर पायी चालणारी माणसे. ऑक्टोबर १९६६ मध्ये त्याने त्यावर एक माहितीपटही चित्रित केला. पण त्या नगरात कोणाला जमिनीची मालकी मिळणार नव्हती, कारभारात मताचा अधिकार नव्हता, आणि निवृत्त माणसाला जागा नव्हती. १९४१ साली संपामुळे दुखावलेल्या मालकाने आखलेले नगर ते! संप नाही, तक्रार नाही, सारे कसे घड्याळासारखे. त्या नकाशाकडे पाहताना मला कौतुक वाटते आणि भीतीही वाटते.

नोव्हेंबरात फुप्फुसाचा कर्करोग निघाला. सिगारेट त्याने कधी सोडली नव्हती. स्टुडिओसमोरच्या रुग्णालयात १५ डिसेंबर १९६६ रोजी, पासष्टावा वाढदिवस होऊन दहा दिवस झाले असता, तो गेला. आदल्या रात्री छताच्या चौकटींवर बोटाने रेषा ओढीत तो रॉयला एप्कॉटचा नकाशा समजावून देत होता, असे सांगतात. देह गोठवून ठेवल्याची अफवा मात्र निखालस खोटी. दोन दिवसांनी त्याचे दहन झाले.

रॉयने निवृत्ती पुढे ढकलली, १ ऑक्टोबर १९७१ रोजी फ्लॉरिडाचे उद्यान उघडले, त्याला भावाचे संपूर्ण नाव दिले आणि त्याच डिसेंबरात तोही गेला. १९८२ साली एप्कॉट झाले, पण शहर म्हणून नव्हे. एका बाजूला तंत्रज्ञानाचे प्रदर्शन, दुसऱ्या बाजूला तळ्याकाठी नऊ देशांची दालने. पुढे मोरोक्को आणि १९८८ साली नॉर्वे आले. त्यानंतर एकही देश वाढला नाही. स्पेन, इस्राएल, विषुववृत्तीय आफ्रिका जाहीर होऊन राहून गेले. दालनांमधल्या रिकाम्या जागांवर चाहते आजही मनाने ब्राझील वसवतात, भारत वसवतात. भारताची छाया शेजारच्या प्राणिउद्यानात १९९९ साली आली, तीही आनंदपूर या कल्पित राज्याच्या रूपाने!

या चाहत्यांचा उद्योग आता शास्त्र बनला आहे. पाणीखात्याकडे गेलेले परवान्यांचे अर्ज, पेटंटची कागदपत्रे, विमानातून घेतलेली छायाचित्रे यांवरून ते भविष्य वर्तवतात. १९६५ साली एमिली बव्हारने केले तेच हे. पुष्कळदा मात्र बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असाच प्रकार होतो. न बांधलेल्या पाळण्यावरून दोन तट पडतात. आणि दोन्ही तट शेवटी एकाच साक्षीदाराला बोलावतात : वॉल्टला काय आवडले असते? जुलै २०२५ मध्ये फ्लॉरिडातील मिसिसिपी पद्धतीची नदी आणि टॉम सॉयरचे बेट मोटारींच्या नव्या करमणुकीसाठी बंद झाले, तेव्हा कित्येकांनी वॉल्टच्या नावाने हळहळ व्यक्त केली. पण बेट राखणारा वॉल्ट जितका खरा, तितकाच सर्कस उठवणाराही खरा. त्याच्या पश्चात कंपनीतली माणसेसुद्धा कैक वर्षे हाच प्रश्न विचारीत राहिली, आणि त्या भीडेपोटी नवे काही करायला कचरली. १९८४ साली कारभारी बदलले, तेव्हा कोठे ही कोंडी फुटली.

आपल्याकडेही संस्था, मंडळे, महाविद्यालये यांतून संस्थापकांच्या तसबिरीकडे बोट दाखवून वाद जिंकण्याची रीत आहे. गेलेला माणूस उत्तर देत नाही, हीच त्यातली सोय. वॉल्टच्या चरित्रातून मी घेतलेला धडा असा : त्याच्या मनात काय होते हे ओळखण्याचा हट्ट सोडावा, आणि त्याने काय काय केले, काय मोडले, कोणाला दुखावले, तेवढे नीट पाहावे. एप्कॉट त्याने बांधले असते तर ते कसे झाले असते, यावर मीही पुष्कळ तर्क केले. पण तेथे मला राहायला आवडले असते का, हा प्रश्न मात्र वॉल्टला नव्हे, माझा मलाच विचारायला हवा. त्याचे उत्तर मी माझ्यापुरते नाही असे दिले आहे. आणि तरीही तो नकाशा कोठे पाहायला मिळाला, तर तासभर त्याच्यासमोरून हलणार नाही, हेही खरे.