पानातले सत्त्व आणि डॉ. सुब्बराव

कर्करोगाचे नाव घरात शिरले की शेजारपाजारची मायेची माणसे औषधे सुचवू लागतात. कोणी गव्हांकुरांचा रस सांगते, कोणी तुळस, कोणी सदाफुलीची पाने. यातले सारेच खुळे नसते. सदाफुलीपासून काढलेली औषधे आजही इस्पितळांत या रोगावर दिली जातात. पाने मात्र तशीच चावून खाल्ली तर विषारी. मग पानातला गुण रोग्याला तारील की मारील, हे कळावे कसे? या प्रश्नाशी ज्यांची गाठ पडली त्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बराव यांची ही हकीकत.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी मद्रास इलाख्यातील भीमवरम येथे झाला. अभ्यासात चित्त नव्हते. तेराव्या वर्षी काशीस जाऊन यात्रेकरूंना केळी विकावी म्हणून घरातून पळाले. आई वेंकम्मांनी परत आणले. मॅट्रिक झाले ते तिसऱ्या खेपेस. मुलाच्या शिक्षणासाठी या माउलीने दागिने विकले. मद्रासला वैद्यक शिकताना गांधीजींच्या हाकेसरशी ते खादी वापरू लागले, त्यामुळे इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली आणि एम्. बी. बी. एस्.ऐवजी कमी दर्जाच्या एल्. एम्. एस्.वर समाधान मानावे लागले.

याच काळात संग्रहणीने दोन भाऊ आठ दिवसांच्या अंतराने गेले. पुढे त्यांनाही तीच व्याधी जडली. डॉ. अचंट लक्ष्मीपतींच्या आयुर्वेदीय उपचारांनी ते बरे झाले आणि मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयातच शरीररचना शिकवू लागले. औषधाने गुण आला, पण तो कशामुळे आला हे त्यांना हवे होते.

१९१९ साली शेषगिरींशी विवाह झाला. १९२३ मध्ये सासऱ्यांच्या मदतीने ते बोस्टनला गेले. मागे मुलगा झाला, तान्हेपणीच गेला. बापाने त्याचे तोंडही पाहिले नाही. परदेशी पोटासाठी रात्री इस्पितळात रोग्यांची भांडी धुवावी आणि दिवसा हार्वर्डच्या प्रयोगशाळेत उभे राहावे, असा क्रम होता. तेथे प्रा. फिस्के यांच्यासह रक्तातील फॉस्फरस मोजण्याची रीत त्यांनी बसविली, ती जगभर चालली.

१९४० साली ते न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले या औषध कंपनीत गेले. तेथे फोलिक आम्लाचे काम हाती आले. या द्रव्याचा आपल्या मुंबईशी जुना संबंध आहे. डॉ. लूसी विल्स या इंग्रज विदुषी परळच्या हाफकिन संस्थेत काम करीत होत्या. गिरणीकामगार घरांतील गर्भवतींचा पंडुरोग यीस्टच्या स्वस्त अर्काने हटतो, हे त्यांनी १९३१ साली दाखविले. त्यातले द्रव्य कोणते हे तेव्हा उमगले नव्हते. १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून ते किंचित हाती लागले. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून नाव फोलिक. १९४५ मध्ये सुब्बरावांच्या मंडळींनी ते प्रयोगशाळेत तयार केले. ज्या संग्रहणीने भाऊ नेले तिच्यावरच ते गुणकारी ठरले!

साहजिकच बोस्टनच्या डॉ. सिडने फार्बर यांनी फोलिकच्या जातीची द्रव्ये रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांना देऊन पाहिली. झाले उलटेच. दुखणे आणखी भडकले. रक्त वाढविणारे सत्त्व रोगट पेशींनाही पोसत होते. दुसरा कोणी असता तर येथेच थांबता. सुब्बरावांच्या प्रयोगशाळेने आता फोलिकसारखीच दिसणारी, पण पोषण न करणारी तोतया द्रव्ये पाठविली. पेशीने अन्न म्हणून घ्यावे आणि उपाशी राहावे! त्यांतले अमिनोप्टेरिन १९४७ च्या डिसेंबरात देण्यास आरंभ झाला. जून १९४८ च्या अहवालाप्रमाणे १६ मुलांपैकी १० जणांना उतार पडला. तो काही महिन्यांपुरताच होता, मुले पुढे दगावली. तरी या रोगाने औषधापुढे मागे सरावे असे तोवर घडले नव्हते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, सुब्बराव झोपेतच हृदयविकाराने वारले. पंचवीस वर्षांत त्यांचे एकदाही मायदेशी येणे झाले नाही. शेषगिरीबाईंची वाट पाहणे तसेच राहिले.

अमिनोप्टेरिनच्या मागोमाग आलेले मेथोट्रेक्सेट आजही कर्करोगावर वापरतात. सांधे धरणाऱ्या आमवातावर ते आठवड्यातून एकदा, अगदी थोड्या मात्रेत देतात, आणि त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून डॉक्टर जोडीला फोलिकची पिवळी गोळी लिहून देतात.