मनुष्यदेहाचें माप शोधणारा चित्रकार : आल्ब्रेख्त ड्यूरर

अंगुळ, वीत आणि हात हीं मापें आपण वडील मंडळींच्या तोंडून पुष्कळदां ऐकिलीं आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत १२ अंगुळांची वीत व २४ अंगुळांचा हात सांगितला आहे. रोमन लोकहि ४ अंगुळांचा तळवा व ६ तळव्यांचा हात, म्हणजे २४ अंगुळांचाच हात, धरीत असत. मनुष्यानें जगाचें मोजमाप आपल्याच देहानें आरंभिलें यांत नवल नाहीं. परंतु हा हात कोणाचा धरावयाचा? उंच पुरुषाचा कीं ठेंगण्याचा? मनुष्यदेहाच्या प्रमाणाचें हें कोडें सोडविण्यांत ज्यानें आपलें अर्धें आयुष्य वेंचिलें, त्या जर्मन चित्रकाराचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

आल्ब्रेख्त ड्यूरर याचा जन्म न्यूरेंबर्ग शहरीं २१ मे १४७१ रोजीं झाला. त्याचे वडील हंगेरीहून येऊन तेथें स्थायिक झालेले सोनार होते. त्याच्या आईला १८ मुलें झालीं, परंतु त्यांतील तिघेच लहानाचे मोठे झाले. आल्ब्रेख्त प्रथम सोनारकाम शिकला. पण त्याचा ओढा चित्रकलेकडे आहे असें पाहून, मनांत हळहळ वाटत असतांहि, वडिलांनीं त्यास १४८६ मध्यें मिखाएल व्होल्गेमूट या चित्रकाराच्या हाताखालीं ठेविलें. १४९४ मध्यें अ‍ॅग्नेस फ्राय हिच्याशीं त्याचा विवाह झाला व त्याच वर्षीं तो इटलीस गेला.

तरुणपणींच त्याची याकोपो दे बार्बारी नांवाच्या व्हेनिसच्या चित्रकाराशीं गांठ पडली. बार्बारीनें प्रमाणशीर काढिलेलीं स्त्रीपुरुषांचीं चित्रें त्यास दाखविलीं. हें प्रमाण कसें बसविलें, असें ड्यूररनें विचारिलें. परंतु त्या गृहस्थानें आपली रीत उघड करून सांगितली नाहीं. ही गोष्ट ड्यूररच्या मनाला फार लागली. जें कोणी सांगत नाहीं तें आपण स्वतः शोधावें, असा त्यानें निश्चय केला.

व्हिट्रुव्हियस या रोमन शिल्पज्ञाचा ग्रंथ त्यानें हातीं घेतला. त्यांत चेहरा उंचीचा दहावा भाग, पाऊल सहावा भाग, आणि कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंतचा हात चौथा भाग, असें प्रमाण दिलें आहे. अंगुळ, तळवा, पाऊल व हात हीं मापें अवयवांवरूनच निघालीं, असेंहि सांगितलें आहे. या अभ्यासाचें फळ म्हणजे १५०४ सालचें आदाम व हव्वा यांचें सुप्रसिद्ध ताम्रपटचित्र होय.

पुढें ड्यूररनें प्रत्यक्ष माणसें मोजण्यास आरंभ केला, आणि पुस्तकांतील प्रमाणें डळमळूं लागलीं. बहुतेकांचें पाऊल उंचीच्या सहाव्या भागाहून थोडें कमीच भरतें. नवजात बालकाचें डोकें तर अंगाच्या सुमारें चौथ्या भागाइतकें असतें. १५१४ मध्यें त्यानें आपल्या ६३ वर्षांच्या आईचें कोळशानें चित्र काढिलें. गालफडें बसलेलीं, गळ्याच्या शिरा वर आलेल्या. दोनच महिन्यांनीं ती माउली निवर्तली. रोमन ग्रंथांतील माप तेथें कोठून लागू पडणार? तथापि तें चित्र पाहून मस्तक नम्र होतें.

सुंदर देहाचें एकच माप आहे, ही समजूत ड्यूररनें अखेर सोडून दिली. ७ मस्तकांइतक्या उंचीच्या आडदांड शेतकऱ्यापासून १० मस्तकांइतक्या सडपातळ मनुष्यापर्यंत अनेक प्रकारचे स्त्रीपुरुष त्यानें मापांसह रेखाटिले, आणि मनुष्यदेहाच्या प्रमाणांवर चार भागांचा ग्रंथ रचिला. बार्बारीनें जें झांकून ठेविलें, तें यानें सामान्य उमेदवारांसाठीं सोप्या जर्मन भाषेंत खुलें केलें. परंतु नेदरलंड्सच्या प्रवासांत जडलेल्या दुखण्यापासून त्याची प्रकृति ढासळली होती. ग्रंथ छापून होण्यापूर्वींच, ६ एप्रिल १५२८ रोजीं, त्यानें देह ठेविला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्याच्या विधवा पत्नीनें तो ग्रंथ प्रसिद्ध करून पतीचें कार्य तडीस नेलें.

त्याच काळचा याकोब कोबेल नांवाचा एक जर्मन ग्रंथकार होता. त्याच्या १५३५ च्या सुमारास छापलेल्या भूमितीच्या पुस्तकांत फुटाचें माप ठरविण्याची एक रीत दिली आहे. रविवारीं देवळांतून बाहेर पडणारे १६ पुरुष, उंच व ठेंगणे जसे येतील तसे, थांबवावे. त्यांचीं डावीं पाउलें एकापुढें एक ठेववावीं. आणि त्या सबंध लांबीचा सोळावा भाग तो खरा फूट समजावा. एकाच्याच पाउलावर न विसंबतां सर्वांचें मिळून माप घेण्याची ही युक्ति किती समंजस आहे!

विद्यार्थ्यांनो, व्यवहाराला माप एकच हवें. म्हणूनच आज मीटर कोणाच्याहि देहावर अवलंबून नाहीं. १९८३ पासून तो प्रकाशाच्या गतीवरून ठरविला जातो. परंतु माणसें एकाच मापाचीं नसतात. परमेश्वरानें प्रत्येकास निरनिराळ्या प्रमाणांत घडविलें आहे. वर्गांतील ठेंगण्या किंवा लठ्ठ मुलाकडे पाहून ज्याला हसूं येतें, त्यानें हातीं गज घेऊन शेवटपर्यंत शिकत राहिलेल्या या थोर कारागिराचें स्मरण करावें.