दीनबंधूकार रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

रविवारी सकाळी विहारात माणसे जमतात, कारण रविवारी सुट्टी असते. ही सुट्टी कुणी आभाळातून टाकली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती 1890 साली मिळाली, आणि ती मिळवण्यात ज्यांचे नाव पहिले घ्यावे लागते ते रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे. लालबाग-परळच्या जुन्या माणसाला विचारा, तो एवढे तरी सांगेल. पण हेच लोखंडे सतरा वर्षे एका वर्तमानपत्राचे संपादक होते, पगाराची नोकरी सोडून त्यांनी हा व्याप अंगावर घेतला, आणि कामगारांची संघटना त्या पत्राच्या पोटातून जन्माला आली, ही बाजू मात्र मागे पडली आहे. आम्ही इथे तीच बाजू सांगणार आहोत.

लोखंड्यांचा जन्म 1848 साली ठाण्यात झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे, जातीने माळी. त्या काळी बहुजनांच्या पोराने मॅट्रिकपर्यंत जाणे म्हणजे लहान गोष्ट नव्हती, पण पुढे शिकण्याइतकी घरची ऐपत नव्हती. रेल्वे, पोस्ट अशा नोकऱ्या करून ते मुंबईत मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. स्टोअरकीपर म्हणजे कोठारावरचा माणूस. साच्यावर उभा राहणारा नव्हे आणि मालकाच्या खुर्चीतलाही नव्हे. त्याच्यासमोरून सगळे जाते. माल किती आला, किती गेला, कोण खाडे करतो, कुणाचा हात यंत्रात गेला, कुणाचा पगार अडकला, सगळे त्याला दिसते. आम्ही गिरणीत आयुष्य काढले म्हणून सांगतो, बातमीदार व्हायला याहून चांगली जागा नाही.

आता त्या वेळच्या वर्तमानपत्रांचा धंदा कसा होता ते पाहू. तो झपाट्याने बदलत होता. तारा आल्या होत्या, त्यामुळे विलायतेची बातमी महिन्याऐवजी दिवसांत येऊ लागली होती. रेल्वे आणि टपालामुळे मुंबईत छापलेला अंक साताऱ्या-नगरच्या वर्गणीदाराला पोचत होता. मराठी खिळे मुंबईतच ओतले जात होते. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना 1869 पासून चालू होता. दुसरीकडे सरकारची नजरही कडक झाली होती. 1878 साली देशी भाषांतल्या पत्रांसाठी वेगळा कायदा झाला. सरकारला मजकूर खटकला तर छापणाऱ्याकडून जामीन मागायचा आणि पुन्हा तसे घडले तर छापखानाच जप्त करायचा, असा तो कायदा. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. 1882 साली तो रद्द झाला.

एवढा बदल होत असला तरी एक गोष्ट जिथल्या तिथे होती. मराठी पत्र काढणारे, लिहिणारे आणि विकत घेणारे बहुतेक उच्च जातींतलेच होते. शेतकरी, कारागीर, गिरणीतला मजूर यांच्याबद्दल छापून आलेच तर ते वरून बघितल्यासारखे. हे बदलायचे म्हणून महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले कृष्णराव भालेकर यांनी 1 जानेवारी 1877 रोजी पुण्यात 'दीनबंधू' हे साप्ताहिक सुरू केले. भालेकरांनी पदरमोड करून ते तीनेक वर्षे ओढले. पण वर्गणीदार कमी, असतील त्यांची वर्गणी थकलेली, जाहिराती नाहीत, आणि छापखान्याचे बिल मात्र दर आठवड्याला. पत्र बुडायला आले.

1880 साली लोखंड्यांनी ते मुंबईला आणले आणि संपादकी हाती घेतली. वय बत्तीस. गिरणीतली जागा सुटली. आपल्या घरातला कर्ता पुरुष उद्या येऊन म्हणाला की नोकरी सोडतो आणि बुडणारे वर्तमानपत्र चालवतो, तर घरचे काय म्हणतील याचा विचार करून बघावा. तेव्हा साप्ताहिक काढून संपादकाचे घर चालेल अशी स्थिती नव्हतीच. बहुतेक संपादक मास्तरकी, वकिली किंवा आणखी काही करून पत्र चालवत. आणि जामीन-जप्तीचा तो कायदा अजून डोक्यावर होताच.

लोखंड्यांना आधार मिळाला तो मुंबईतल्या सत्यशोधक मंडळींचा. त्यांत कामाठीपुऱ्याकडची तेलुगू कंत्राटदार मंडळी पुढे होती. रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळोजी काळेवार ही नावे आज कुणाच्या तोंडी नाहीत. मुंबईच्या मोठ्या इमारती बांधणारे हे लोक, मातृभाषा तेलुगू, आणि पैसा लावला मराठी पत्राला. या गोष्टीचे आम्हाला फार अप्रूप वाटते.

पत्र उभे राहिले. मुंबईसारखे शहर मिळाल्यावर त्याचा वाचकही बदलला. वाचक म्हणजे प्रत्येकजण विकत घेणारा असे समजू नये. गिरणीतली बहुतेक माणसे निरक्षर होती. एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे, हीच तेव्हाची रीत. त्यामुळे अंक किती खपले यावरून असल्या पत्राचा पल्ला मोजता येत नाही. लोखंडे लिहीत ते कामाचे तास, दंड, अडकलेले पगार, अपघात, आणि त्याबरोबर सत्यशोधकी विचार. जो ऐकत होता त्याला पहिल्यांदाच कळत होते की आपल्या खात्यात जे घडते त्यालाही बातमी म्हणतात.

1881 च्या जानेवारीत पुण्यात 'केसरी' सुरू झाला. दोन्ही पत्रांचा विचार वेगळा, वाचक वेगळा, पुष्कळदा टक्करही. तरी 1882 साली कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून ते सुटले, तेव्हा मुंबईत त्यांचे स्वागत करण्यात लोखंडे पुढे होते. त्याआधी जामिनाची व्यवस्था महात्मा फुल्यांच्या शब्दावरून झाली होती. संपादकाला लिहिल्याबद्दल आत टाकले तर तो आपल्या विचाराचा आहे की नाही हे नंतर पाहायचे, असा हा मोठेपणा. त्याची परतफेड पुढे कशी झाली यावर आम्ही इथे लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे.

यानंतरची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, लोखंड्यांच्या चरित्रात ती सोयीची नसली तरी. 1883 साली जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधू'त आली. पुढची छापायचे लोखंड्यांनी थांबवले. त्या लेखनात भटशाहीवर कोरडे होते आणि सरकारवरही होते. जोतीरावांना राग आला आणि आपल्यातलेच संपादक असे भित्रे निघाले, असे त्यांनी लिहूनही ठेवले. गुरूने शिष्याबद्दल असे लिहावे ही साधी गोष्ट नाही.

लोखंडे भ्याले का? आमचे मत असे, की भ्याले. वर्षभरापूर्वीच त्यांनी दोन संपादकांना तुरुंगाच्या दारात आणायला जाऊन पाहिले होते. टिळक-आगरकरांच्या मागे शाळा होती, शिकलेला वर्ग होता. 'दीनबंधू'वर खटला झाला असता तर एका दंडात पत्र, छापखाना आणि चार कंत्राटदारांचा पैसा बुडाला असता, आणि शूद्रांच्या हातात पुन्हा काही उरले नसते. ही बाजू आहे. पण जोतीरावांचीही बाजू आहे. पत्र जिवंत ठेवण्यासाठी खरे तेच वगळायचे ठरले तर पत्र कशासाठी चालवायचे? आज टीव्हीच्या चॅनेलवाल्यांपासून गल्लीतल्या साप्ताहिकापर्यंत हाच पेच आहे. फरक इतकाच, की लोखंड्यांच्या डोक्यावर मालक नव्हता. त्यांना हा निर्णय स्वतः घ्यावा लागला आणि बोल स्वतः खावे लागले. गुरु-शिष्यांचे नाते मात्र तुटले नाही. जोतीराव कामगारांच्या सभांना आले, बोलले.

पुढच्याच वर्षी, 1884 साली, त्याच भित्र्या म्हटलेल्या संपादकाने जे केले ते कुणाच्या धाडसात बसणारे नव्हते. सरकारने गिरण्यांची चौकशी करायला कमिशन नेमले होते. मालकांचे म्हणणे ऐकले जाणारच होते, मजुराचे कोण मांडणार? लोखंड्यांनी सप्टेंबर 1884 मध्ये परळ भागात कामगारांच्या सभा घेतल्या, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन झाली, आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. आठवड्यात रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्य मावळला की बंद. मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत. कामावर जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि जन्माचा अपंग झाला तर निर्वाहाची सोय.

साडेसहा ते सूर्यास्त ही मागणी होती, हे लक्षात घ्या. तेव्हा गिरणीत विजेचे दिवे नव्हते. दिसायला लागले की यंत्र सुरू, दिसेनासे झाले की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठे, तेरा-चौदा तासांपर्यंत. सुट्टी म्हणावी तर सणावाराचे थोडे दिवस. 1881 चा फॅक्टरी कायदा होता, पण तो लहान मुलांपुरता. मोठ्या माणसांच्या तासांना त्यात हातच लावलेला नव्हता.

या असोसिएशनला सभासदांची नोंदवही नव्हती, फंड नव्हता, नियमावली नव्हती, म्हणून काही अभ्यासक तिला खरी ट्रेड युनियन मानत नाहीत. त्यांचे म्हणणे चूक नाही. पण या संघटनेजवळ एक गोष्ट होती जी नंतरच्या पुष्कळ युनियनांजवळ नव्हती. दर आठवड्याला निघणारे स्वतःचे पत्र. सभेची खबर त्यातून जायची, मागण्या त्यातून समजायच्या, सरकारातल्या भाषांतरकारालाही तो अंक वाचावा लागायचा, कारण देशी पत्रांतल्या मजकुराचा गोषवारा सरकारदरबारी दर आठवड्याला तयार होत असे.

'दीनबंधू'त आपल्या दृष्टीने आणखी एक मोठी गोष्ट घडली. फौजेतून पेन्शनीत निघालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी अस्पृश्यांच्या स्थितीबद्दल जे लिखाण सुरू केले त्यातले काही याच पत्रातून आले. ज्याची सावली टाळली जायची त्याचा मजकूर छापखान्यात जुळवला गेला. तरी दुसऱ्याच्या पत्रात जागा मिळणे वेगळे आणि स्वतःचे पत्र असणे वेगळे. कामगारांच्या त्या अर्जातही साचाखात्याच्या दाराचा प्रश्न नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून आपल्या माणसांना विणकामाला उभे करत नसत, जास्त पगार मात्र तिथेच. हा प्रश्न ठासून मांडला गेला तो 1928 च्या संपात, बाबासाहेबांकडून. आणि बाबासाहेबांना 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' का काढावा लागला, याचेही उत्तर यातच आहे.

1884 च्या अर्जाने लगेच काही मिळाले नाही. लोखंड्यांनी पाठ सोडली नाही. 1889 साली पुन्हा अर्ज गेला. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बाया उभ्या राहून बोलल्या. 1890 साल, भर मैदान, दहा हजार माणसे, आणि बोलणाऱ्या गिरणीतल्या बाया. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी फॅक्टरी कायदा सुधारला, बायकांचे तास अकरावर आणि मुलांचे सातावर आले. त्याच सुमारास लोखंड्यांनी मुंबईतल्या न्हाव्यांची सभा भरवली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असे त्यांच्याकडून ठरवून घेतले. नोव्हेंबर 1890 मध्ये जोतीराव गेले.

1893 च्या ऑगस्टात मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. गिरण्यांत दोन्हीकडची माणसे एका छपराखाली. लोखंड्यांनी राणीच्या बागेत सलोख्याची सभा घेतली. 1895 साली सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. या पदवीवरून त्यांना सरकारधार्जिणा म्हणणारे आहेत. म्हणोत. पदवी अंगरख्याला लावून ते घरी बसले असते तर आम्हीही म्हटले असते.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला, आणि तो पहिल्यांदा दिसला मांडवीत, जिथे लोखंड्यांनी कोठारावर नोकरी केली होती तिथेच. माणसे गठुडी बांधून कोकणात, घाटावर पळाली. गिरण्या ओस पडू लागल्या. ज्यांना जायला गाव नव्हते ते चाळीत राहिले. लोखंडे शहर सोडून गेले नाहीत. रोग्यांच्या दवाखान्याच्या खटपटीत असतानाच त्यांना प्लेगने गाठले आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी ते वारले. वय पन्नासही नव्हते. महिनाभरातच, 10 मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या.

'दीनबंधू' मात्र बंद पडला नाही. पुढे तो वासुदेवराव बिर्जे यांनी चालवला. 1908 साली बिर्जे वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी तानूबाई संपादक झाल्या. सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या या बाईने नंतरची काही वर्षे ते पत्र काढले.