कणांच्या वर्षावाचे गणित मांडणारे होमी भाभा

आमच्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात ‘इंडस-२’ नावाचे एक यंत्र आहे. सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यातून तेथे इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. असा एखादा कण शिशाच्या भिंतीवर आदळल्यास आत काय घडेल, हे आता संगणकावर हुबेहूब रचून पाहता येते. त्यासाठी ‘जिआंट-४’ ही आज्ञावली जगभर वापरतात. ती शिकू लागणाऱ्यास इलेक्ट्रॉनांच्या टकरींच्या प्रकरणात एक आपल्याकडचे नाव भेटते. ते नाव भाभा.

होमी जहांगीर भाभा ह्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईस एका पारशी कुटुंबात झाला. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, ही वडिलांची इच्छा. १९२७ साली केंब्रिजला गेलेल्या होमीचे मन मात्र गणितात गुंतले. तेव्हा वडिलांनी तोड काढली : आधी अभियांत्रिकीत पहिला वर्ग, मग गणित. १९३० साली ही अट पुरी झाली आणि १९३२ साली गणितातही पहिला वर्ग मिळाला. ह्या गोष्टीत पुत्राइतकेच पित्याचेही कौतुक आम्हांस वाटते.

१९३७ साली भाभा व हाइटलर ह्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा उलगडा केला. वेगवान इलेक्ट्रॉन अणुगर्भाजवळून जाताना प्रकाशकण बाहेर टाकतो, त्या प्रकाशकणातून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन अशी जोडी जन्मते, पुन्हा तेच. ढोबळ मानाने प्रत्येक टप्प्यास कण दुप्पट होतात, म्हणजे दहा टप्प्यांत १,०२४. आम्ही कलाशाखेचे, तरी एवढे गणित फळ्यावर मांडता आले. ऊर्जा वाटली जाता जाता अपुरी पडली की वर्षाव ओसरतो.

ही कागदावरची आकडेमोड सरासरीची होती. प्रत्यक्षात कोणतेही दोन वर्षाव सारखे नसतात. म्हणून आज्ञावली पावलोपावली जणू फासे टाकते. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत निघालेल्या ह्या रीतीस ‘माँटे कार्लो’ म्हणतात. नवशिका पडद्यावरील रंगीत रेषांनी भुलतो. परंतु शिशाऐवजी चुकून पाणी लिहिले तरी यंत्र तक्रार न करता उत्तर देते! मग चूक ओळखावी कशी? येथे जुने गणित कामास येते. आरंभीची ऊर्जा दुप्पट केली, तर वर्षावाचा भर केवळ एक टप्पा, शिशात सुमारे ४ मिलिमीटर, पुढे सरकला पाहिजे. तो भलतीकडे सरकला, तर आपण लिहिलेले पुन्हा तपासावे.

१९३९ साली सुटीवर आलेले भाभा महायुद्धामुळे येथेच राहिले. बंगळूरला काही वर्षे काढून १९४५ साली त्यांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. १९४८ साली अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपदही आले. त्यांच्याच संस्थेत तरुणांनी रचलेला ‘टिफ्रॅक’ संगणक १९६० साली चालू झाला.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून भाभांचा अंत झाला. तेव्हा त्यांचे वय ५६ वर्षांचे होते.