क्रमांक नको, नाव हवे : पॅट्रिक मॅकगूहन

मूळचे कुठले, हा प्रश्न आपल्या मंडळींना नवा नाही. तीन-चार पिढ्या एका गावात काढल्या तरी कोणीतरी तो विचारतोच आणि उत्तर एका वाक्यात देता येत नाही. यावेळी आम्ही ज्यांची ओळख करून देत आहोत, त्यांनाही ते एका वाक्यात देता आले नसते. जन्म अमेरिकेतला, रक्त आयरिश, नाव कमावले इंग्लंडमध्ये आणि शेवटचा श्वास पुन्हा अमेरिकेत. हे होते नट, लेखक आणि दिग्दर्शक पॅट्रिक मॅकगूहन. ‘द प्रिझनर’ ही ब्रिटिश मालिका ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा चेहरा विसरता येणार नाही. हेरकथा आणि विज्ञानकथा यांचा असा मेळ दूरचित्रवाणीवर त्याआधी क्वचितच जमला होता.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील ॲस्टोरिया येथे १९ मार्च १९२८ रोजी त्यांचा जन्म झाला. आई-वडील पोटापाण्यासाठी आयर्लंडहून तिकडे गेलेले कॅथलिक. मूल तान्हे असतानाच कुटुंब मायदेशी परतले आणि लेट्रिम परगण्यात शेतीवर राहू लागले. तिथे बस्तान बसते न बसते तोच, सुमारे सात वर्षांनी, इंग्लंडमधील शेफिल्ड या पोलादाच्या शहरात मुक्काम हलला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने शहरातली मुले बाहेरगावी पाठवली गेली, त्यांत पॅट्रिकही होता. रॅटक्लिफ कॉलेज या शाळेत गणित आणि मुष्टियुद्ध या दोन गोष्टींत तो चमकला.

सोळाव्या वर्षी शाळा सुटली. मग कोंबड्या पाळून झाल्या, बँकेत कारकुनी झाली, ट्रक चालवून झाला. शेवटी शेफिल्डच्या नाटक कंपनीत रंगमंच व्यवस्थापकाचे काम मिळाले. एकदा एक नट आजारी पडला आणि त्याच्या जागी पॅट्रिकला उभे केले गेले. तेव्हापासून चेहऱ्याला लागलेला रंग उतरला नाही. त्याच नाट्यवर्तुळात अभिनेत्री जोन ड्रमंड भेटल्या. १९५१ मध्ये लग्न झाले, तीन मुली झाल्या आणि तो संसार अखेरपर्यंत टिकला. सिनेमाच्या दुनियेत ही गोष्ट लहान नव्हे.

१९५५ मध्ये ऑर्सन वेल्स यांनी लंडनला ‘मोबी डिक’वरचे नाटक केले, त्यात मॅकगूहन होते. १९५९ मध्ये इब्सेनच्या ‘ब्रँड’मधील धर्मगुरूची भूमिका त्यांना मिळाली. तत्त्वासाठी घर, माणसे आणि सुख यांपैकी काहीही पणाला लावणारा, तडजोड ठाऊक नसलेला हा माणूस त्यांनी असा उभा केला की लंडनचे समीक्षक खूश झाले. पुढचे आयुष्य पाहिले की ही भूमिका त्यांच्या अंगातून कधी गेलीच नाही असे वाटते.

१९६० मध्ये ‘डेंजर मॅन’ ही हेरमालिका सुरू झाली. जॉन ड्रेक हा त्यातला गुप्तहेर. मॅकगूहन यांनी सुरुवातीलाच अटी घातल्या. ड्रेक शक्यतो बंदूक बाळगणार नाही, डोके चालवील, आणि दर भागात नवी नायिका त्याच्या गळ्यात पडणार नाही. घरात मुली आहेत, संध्याकाळी सगळे कुटुंब एकत्र बसून हे पाहणार आहे, याची त्यांना जाण होती. याच काळात जेम्स बाँडच्या पहिल्या चित्रपटासाठी त्यांना विचारणा झाली. त्यांनी नकार दिला. ती भूमिका शॉन कॉनरी यांच्याकडे गेली आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मॅकगूहन यांचे मात्र फार अडले नाही. ‘डेंजर मॅन’ने त्यांना ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या सर्वाधिक मानधन घेणाऱ्या नटांत नेऊन बसवले.

आणि १९६६ मध्ये, मालिका जोरात चालू असताना, ते थांबले. निर्माते ल्यू ग्रेड यांच्यापुढे त्यांनी नवी कल्पना ठेवली. एक गुप्तहेर अचानक नोकरीचा राजीनामा देतो. घरी येऊन सामान भरत असताना त्याला बेशुद्ध केले जाते. जाग येते ती एका सुंदर, रंगीबेरंगी गावात. तिथे बागा आहेत, बँडबाजा आहे, सभ्य शेजारी आहेत, फक्त बाहेर जाण्याची वाट नाही. कोणाला नाव नाही, सगळ्यांना क्रमांक. हा क्रमांक सहा. गाव चालवणारा क्रमांक दोन वारंवार बदलतो, पण सर्वांना एकच हवे आहे : राजीनामा का दिला याचे कारण. तो ते सांगत नाही आणि आपला क्रमांकही मान्य करत नाही.

हे गाव खोटे नव्हते. उत्तर वेल्सच्या किनाऱ्यावर क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुविशारदाने १९२५ पासून हौसेने वसवलेले पोर्टमेरियन ते हेच. इटालियन धाटणीचे मनोरे, घुमट, कमानी. ‘डेंजर मॅन’च्या चित्रीकरणात ते मॅकगूहन यांच्या नजरेत भरले होते. पळणाऱ्या कैद्याला अडवणारा पांढरा प्रचंड गोळा ही तर अडचणीतून निघालेली वाट होती. त्यासाठी आधी एक यंत्र तयार केले होते, ते चालेना, म्हणून हवामान खात्याचा फुगा वापरला. तो यंत्रापेक्षा भीतिदायक ठरला. मालिका रंगीत चित्रित झाली, पण ब्रिटनमध्ये त्या वाहिनीचे प्रक्षेपण तेव्हा कृष्णधवल असल्याने तिकडच्या पहिल्या प्रेक्षकांना ते रंग दिसलेच नाहीत.

पडद्यावर सत्तेला नकार देणारा हा माणूस पडद्यामागे मात्र सगळी सत्ता हळूहळू स्वतःच्या हाती घेत गेला. मुख्य भूमिका त्यांची, कंपनीत भागीदारी त्यांची, काही भागांचे लेखन-दिग्दर्शनही त्यांचेच. एका भागाच्या लेखनाला त्यांनी आईच्या माहेरच्या आडनावावरून बेतलेले टोपणनाव लावले. पटकथा-संपादक जॉर्ज मार्कस्टाइन यांच्याशी बिनसले आणि ते सोडून गेले. मूळ कल्पना कोणाची, यावरही पुढे दोघांचे दावे वेगळे राहिले. मध्येच मॅकगूहन ‘आइस स्टेशन झेब्रा’ या हॉलिवूडच्या चित्रपटासाठी गेले, तेव्हा नायकाचे मन दुसऱ्याच्या शरीरात घातल्याचे दाखवून एक भाग दुसऱ्या नटावर उरकला गेला. त्यांना मोजकेच भाग हवे होते, ग्रेड यांना पुष्कळ. शेवटी १७ भागांवर मालिका थांबली.

शेवटचा भाग फेब्रुवारी १९६८ मध्ये दाखवला गेला. सगळा देश एका उत्तराची वाट पाहत होता : या साऱ्यामागचा क्रमांक एक कोण? मुखवटा ओढला तर आत माकडाचा मुखवटा, आणि तो काढला तर नायकाचाच चेहरा. प्रेक्षक संतापले, तक्रारींचे फोन सुरू झाले. फसवणूक झाली असे अनेकांना वाटले. आम्हाला मात्र हा शेवट प्रामाणिक वाटतो. बाहेरच्या तुरुंगाधिकाऱ्याशी भांडणे सोपे असते. आपल्याच आतला, सर्वांवर हुकूम चालवू पाहणारा तुरुंगाधिकारी ओळखणे कठीण. ज्यांनी तो चेहरा दाखवला, त्यांनी गेली दीड-दोन वर्षे तो जवळून पाहिला होता.

या मालिकेनंतर ब्रिटनमधला त्यांचा काळ संपत आला. काही वर्षे स्वित्झर्लंडमध्ये काढून ते कुटुंबासह कॅलिफोर्नियात स्थिरावले. ‘कोलंबो’ या गुन्हेशोध मालिकेतील भूमिकांसाठी त्यांना दोनदा एमी पुरस्कार मिळाला. ‘एस्केप फ्रॉम अल्काट्राझ’मध्ये ते चक्क तुरुंगाचे अधिकारी झाले, आणि १९९५ च्या ‘ब्रेव्हहार्ट’मध्ये निष्ठुर राजा एडवर्ड. मालिकेचा अर्थ सांगा म्हणून लोक त्यांच्या मागे लागत, ते बहुतेकदा हसून टाळत. १३ जानेवारी २००९ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, सांता मोनिका येथे त्यांचे निधन झाले.

आज आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात कितीतरी क्रमांक आहेत आणि त्यांच्याशिवाय रेशनपासून रेल्वेपर्यंत काही हलत नाही. म्हणूनच घरातल्या तरुण मुलांना ही जुनी मालिका एकदा दाखवावी असे आम्ही सुचवू. वेग मंद वाटेल, फोन जुने वाटतील, शेवटही कदाचित पटणार नाही. मग जेवताना त्यावर वाद होऊ द्यावा. मॅकगूहन यांना बहुधा तेच हवे होते.